ज्या दुपारी त्यांनी माझे पाय चोळले

आमचे हे लढाईवरून घरी आले त्या सकाळी मी मळ्यात मेथी उपटत होते. सासूबाईंनी बांधावरून हाक मारली तशी मातीच्या हातांनीच धावले. अंगणात खाकी कपड्यातला एक वाळका माणूस उभा होता. चार वर्षांपूर्वी गेलेला नवरा आणि हा माणूस एकच, हे कळायला मला थोडा वेळ लागला. मी पदर ओढून दाराच्या कडेला उभी राहिले. ते आईच्या पाया पडले, वडिलांच्या पाया पडले, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि घरात डोकावून म्हणाले,

“पोट्टा कुठी हाये? झोपला का?”

मला वाटलं, उन्हानं यांच्या डोक्यात काही झालं.

“आता तं तीन वर्साचा झाला असन,” ते हसून म्हणाले, “घरात कायले ठेवता त्याले? बाहेर येऊ द्या नं.”

आमचं लेकरू ते गेल्यावर पाच महिन्यांनी जन्मलं होतं आणि सव्वा महिन्याचं होऊन तापानं गेलं होतं. ही गोष्ट त्यांना माहीत नाही, हे मला त्या अंगणात कळलं. मला तेव्हा अक्षर येत नव्हतं. पत्रं मामाजी, म्हणजे माझे सासरे, गावातल्या शाळेच्या गुरुजींकडे जाऊन लिहवून घेत. मला फक्त सांगत, “पत्र धाडलं वो.” लेकरू गेलं तेव्हाही त्यांनी पत्र धाडलं होतं. त्यामुळे तीन वर्षं मी असं धरून चालले होते की दूर कुठल्यातरी मुलखात माझ्याइतकंच दुःख असलेला एक माणूस आहे. बाजारात बसल्या बसल्या मी मनात त्याच्याशी बोलायची.

मामाजी खाली पाहून म्हणाले, “लेकरू नाई राह्यलं बाप्पा. कवाचंच गेलं.”

“कवा?”

“तू गेला त्याच वर्सी.”

“मंग पत्रात?”

“तू तिकडं गोयीच्या तोंडी. तुले काय लिवू मी?”

मी मामाजींकडे पाहत राहिले. तीन वर्षं हा माणूस माझ्या हातची भाकर खात होता आणि दर दोन-तीन महिन्यांनी माझ्या मेलेल्या लेकराची खुशाली लिहवून पाठवत होता. सासूबाईंना ठाऊक होतं. त्यांच्या तोंडावरूनच कळलं. ठाऊक नव्हतं ते फक्त आम्हा दोघांना.

हे रडले नाहीत, ओरडले नाहीत. रांजणातलं पाणी घेऊन पाय धुतले, वाढलं ते जेवले आणि विहिरीजवळच्या लिंबाखाली जाऊन बसले. मांडी घातलेली, पाठ ताठ, डोळे मिटलेले. ऊन अंगावर आलं तरी उठले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तसेच बसले, तिसऱ्या दिवशीही. आमचा मळा अकोल्याला, मोर्णा नदीच्या काठाला, शेजारी सगळे आमच्यासारखेच भाजीवाले माळी. येता-जाता लोक बांधावर थांबायचे. “पोरगं गोसावी झालं,” असं बायका माझ्यादेखत म्हणायला लागल्या. सासूबाई लिंबाकडे पाहून कपाळाला हात लावायच्या.

मी त्यांच्याशी काय बोलणार होते? लेकरू गेलं तेव्हा मी अठरा वर्षांची होते. सासूबाई म्हणाल्या होत्या, “आता रडत बसशील तं अंथरूण धरशील. कामाले लाग.” आठव्या दिवशी डोक्यावर वांग्यांची टोपली घेऊन मी बाजारात होते. तेव्हापासून मला रडू आलं नव्हतं. त्याच्याऐवजी जबडा आवळून यायचा. सकाळी उठले की दात दुखत. छातीत धोंडा ठेवल्यासारखं वाटे, श्वास गळ्यापर्यंत येऊन परतायचा. पोटऱ्या तर लाकडासारख्या झाल्या होत्या. टोपलीच्या ओझ्यानं होत असेल, असं मी समजत होते.

ते आल्याला पंधरा-वीस दिवस झाले असतील. दुपारची वेळ. सासूबाई बाजारात गेल्या होत्या, मामाजी विहिरीवर मोट हाकत होते. मी ओसरीत शेंगा सोलत बसले होते. हे आत आले, चुलीजवळ वाटीत जवसाचं तेल कोमट केलं आणि माझ्यासमोर येऊन बसले.

“लेट जरा,” म्हणाले.

“काहून?”

“तुहे पाय दुखून राहिले. मी पाह्यतो रोज. तू बसतानी दात खाते.”

मला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा मी पाय लुगड्यात ओढून घेतले. “अवो, काय बोलून राहिले तुमी? नवऱ्यानं पायाले हात लावला तं पाप लागन मले.”

“लागलं तं माह्याकडं धाडून दे,” ते म्हणाले. हसत नव्हते.

आज कोणाला सांगितलं तर हसतील, पण त्या वेळी ते मला खरंच पाप वाटत होतं. मी माझ्या आईचे पाय चेपले होते, सासूचे चेपले होते, लग्नाच्या पहिल्या वर्षी त्यांचेही चेपले होते. माझ्या पायांना मात्र बाळंतपणातल्या सुईणीशिवाय कोणाचा हात लागला नव्हता. मी नाही नाही म्हणत होते आणि त्यांनी माझी टाच हळूच धरून आपल्या मांडीवर ठेवली होती. त्यांचा हात गरम होता. तो हात काही मागत नव्हता, एवढं मला समजलं, म्हणून मी पाय ओढून घेतला नाही.

“डोये मिट. मोटेचा आवाज आयकू येते नं?”

येत होता. बैल धावेच्या उतारावरून खाली जात तसं चाक करकरत होतं, मोट वर येई, पाणी थारोळ्यात धबकन पडे, मग बैल हळूहळू मागं सरकत.

“बैल खाली चालले, श्वास घे. पानी पडलं. आता बैल मांगं येऊन राहिले, तसा सोड. घाई करू नको. बैल घाई करते का?”

मी तसं करायला लागले. त्यांचा अंगठा तळपायाच्या मधोमध दाबत वर सरकायचा, घोट्याभोवती फिरायचा, पोटरीवरून गुडघ्यापर्यंत जायचा. बैल खाली गेले की हात वर, बैल मागं आले की हात खाली. “ध्यान कुठी गेलं?” ते मधूनच विचारत. “माह्या हातापाशी आन. गेलं तं गेलं, परत आन.” कितीतरी वेळा माझं ध्यान चुलीकडे गेलं, दाराकडे गेलं, सासूबाई येतील या भीतीकडे गेलं. त्यांच्या हाताजवळ परत आणता आणता कधीतरी ते तिथंच राहिलं.

आणि मग माझ्या छातीतून आवाज निघाला.

तो माझा आवाज आहे हे मला कळलं नाही. गाय व्याल्यावर हंबरते तसा तो होता. मी तोंडावर हात ठेवला, पण आवाज थांबेना. तीन वर्षांचं रडं एका दमात बाहेर पडायला लागलं. माझं अंग जमिनीवरून उचलत होतं, पुन्हा आपटत होतं. त्यांनी पाय सोडला नाही. दोन्ही हातांनी घट्ट धरून ते एवढंच म्हणत राहिले, “बैल मांगं येऊन राहिले. सोड. सोड.”

त्या दिवशी भाजी लवकर संपली होती. सासूबाईंनी रस्त्यावरून माझा आवाज ऐकला आणि रिकामी टोपली टाकून धावत आल्या. दारात थबकल्या. त्यांच्या लेकाच्या मांडीवर सुनेचे पाय, तेलानं चमकणारे. मी धडपडत उठून लुगडं पायांवर ओढलं.

“मले वाटलं मारून राहिला तिले,” त्या म्हणाल्या. आवाज फाटला होता. “मारलं असतं तं बरं होतं रे! हे काय पाह्याले लावलं मले?”

“आई, तिचे पाय…”

“माहे पाय दुखत नाईत का? चाळीस वर्स टोपली वाहून राहिली मी. तुह्या बापानं एक दिवस हात लावला का? आईचे सोडून बायकोचे पाय चेपते! कोनं शिकवलं तुले? तिनं शिकवलं?”

मोट थांबली होती. मामाजी धावेवर उभे राहून इकडे पाहत होते.

दोन दिवसांत ती गोष्ट नदीकाठच्या साऱ्या मळ्यांत पोचली. नदीवर मी धुणं घेऊन गेले की बायका आपलं धुणं सरकवून घेत. बाजारात एक जण माझ्या टोपलीसमोर उभा राहून म्हणाला, “बाई, तुमच्या घरी पाय चेपून भेटते म्हनते.” सासूबाईंनी चौथ्या दिवशी माझं गाठोडं बांधलं आणि मला अमरावतीला माहेरी धाडून दिलं. हे काही बोलले नाहीत. लिंबाखाली डोळे मिटून बसलेले होते. मला त्या वेळी त्यांचा फार राग आला. माझ्या अब्रूचं मातेरं करून हा माणूस श्वास मोजत बसला आहे, असं वाटलं.

माहेरी तरी आसरा मिळेल असं वाटलं होतं. माझे आईवडील देवीच्या देवळापाशी फुलं विकत. वडिलांनी कारण ऐकलं आणि आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. आई हार गुंफता गुंफता माझ्या पायांकडे बघत राहायची, जणू त्यांना काही चिकटलेलं आहे. “आमच्या सात पिढ्यांत असं आयकलं नाई,” एवढंच म्हणायची. एकदा मात्र वडील बाहेर गेलेले पाहून तिनं हळूच विचारलं, “बरं वाटलं काय वो?”

मी हो म्हणाले. तिनं सुईत दोरा ओवला.

महिन्याभरानं हे मला न्यायला आले. कोणी सांगितलं नव्हतं, स्वतःच आले. सकाळच्या गाडीनं आम्ही अमरावतीहून बदनेऱ्याला उतरलो. अकोल्याच्या गाडीला वेळ होता. फलाटावर बाकाशी आम्ही उभे होतो, ते पुढं, मी चार हात मागं गाठोडं घेऊन. गर्दी होती, कापसाच्या गठाणी रचलेल्या होत्या.

एक धिप्पाड माणूस, पांढरंशुभ्र धोतर, डोक्याला फेटा, गर्दीतून येताना दिसला. यांना पाहून त्याचे डोळे मोठे झाले. तो धावत आला आणि मागून त्यांच्या पाठीवर थाप मारून ओरडला, “अरे भाऊ!” त्याच वेळी रुळावरच्या इंजिनानं वाफ सोडली.

पुढं जे झालं ते डोळ्यांना दिसत होतं तरी मला खरं वाटेना. माझा नवरा बाकाखाली होता. केव्हा गेला ते दिसलंच नाही. गुडघे छातीशी घेतलेले, दोन्ही हात कानांवर, तोंड भिंतीकडे. घशातून बारीक आवाज येत होता. माणसं गोळा झाली. कोणीतरी हसलं. “मिरगी हाये,” एक बाई म्हणाली, “चप्पल हुंगवा.” एक पोलीस काठी आपटत येऊ लागला.

मी काय केलं ते सांगते. मी पदर तोंडावर ओढला आणि दोन पावलं बाजूला सरकले. लोकांना वाटावं, ही बाई दुसऱ्याच कोणाबरोबर आहे. माझ्या घरच्या माणसांना मी ही गोष्ट कधी सांगितली नाही.

तो धिप्पाड माणूस मात्र त्या थुंकीनं भरलेल्या फरशीवर आपल्या पांढऱ्या धोतरानिशी आडवा झाला. बाकाखाली हात घालून त्यानं यांच्या पाठीवर, दोन खांद्यांच्या मध्ये, तळवा ठेवला आणि गोल गोल फिरवायला लागला. लोकांना म्हणाला, “हटा बाप्पा, हवा येऊ द्या.” मग खालच्या आवाजात, लेकराशी बोलावं तसा, “इंजन हाये भाऊ. इंजनच हाये. बदनेरा हाये हे. चूक माही झाली, मांगून हात लावला. घे श्वास. मी मोजतो. एक. दोन. तीन. आता सोड.”

तो हात मी ओळखला. ते फिरणं, ते दाबणं, ते थांबणं माझ्या पायांनी ओळखलं.

किती वेळ गेला माहीत नाही. पोलिसानंही काठी काखेत धरली होती. शेवटी हे बाहेर आले, कोणाकडे न पाहता नळावर तोंड धुवायला गेले. तो माणूस धोतर झटकत माझ्याकडे वळला. मी कोण ते त्यानं ओळखलं असावं, कारण गाठोड्याला धरून मी रडत होते.

“वहिनी, यानं घरी सांगतलं नाई काय?”

मी मान हलवून नाही म्हटलं.

तो चांदूर रेल्वेजवळच्या एका खेड्यातला कुणबी होता. यांच्याच खेचरांच्या पलटणीत. त्यानं उभ्या उभ्या सांगितलं. डोंगरात त्यांच्या तांड्यावर वरून बॉम्ब पडले, खेचरं आणि माणसं एकात एक झाली. याला जखम म्हणाल तर कानाला तेवढी. पण त्या दिवसापासून याची वाचा गेली. आठ महिने हा दवाखान्यात होता, त्यातले पाच महिने एक शब्द बोलला नाही. रात्री पळून जायचा म्हणून खाटेला बांधून ठेवत. हा माणूस स्वतः पायाला गोळी लागून शेजारच्या खाटेवर.

“तिथं एक म्हातारा होता, वॉर्डातला नोकर. पैले कुठीतरी तालमीत पैलवानाईची मालीश करे. त्याले याची कीव आली. रोज तेल आनून याची पाठ चोळे अन् श्वास मोजाले लावे. आमी हसो त्याले. पन याचं वरडनं कमी झालं. मंग मलेही शिकवलं त्यानं, म्हने मी नसलो तं तू कर.”

मी ऐकत होते. घरी आम्ही सगळे असं समजत होतो की यांनी ही विद्या लढाईवर दुसऱ्यांवर हात चालवून कमावली असेल. पत्रात तर काहीच नव्हतं. त्यांचं प्रत्येक पत्र ‘मी खुशाल आहे’ असंच सुरू व्हायचं.

“अन् मंग तुमच्या घरून पत्र आलं,” तो म्हणाला आणि त्याचा चेहरा उजळला. “मी चौथी शिकलो, मीच वाचून दाखवे. म्हातारा पाठ चोळून राहिला होता, मी वाचून राहिलो होतो. लिवलं होतं, लेकरू चालाले लागलं. तं हा बोलला, वहिनी! पाच महिन्यानं. ‘चालाले लागलं?’ म्हने. मी म्हनलं, हाव. तं पुन्हा म्हने, ‘चालाले लागलं.’ डाक्टर पयत आला. त्या दिवसापासून हा माणसात आला. त्या लेकरानं वाचवला याले.” मग त्यानं माझ्या आजूबाजूला पाहिलं. “कुठी हाये तो? मोठा झाला असन. काहून आनला नाई संगं?”

फलाट, गठाणी, माणसं सगळं पाण्यातून पाहावं तसं दिसत होतं. तो हसऱ्या तोंडानं माझ्या उत्तराची वाट पाहत होता.

“मोठा झाला,” मी म्हणाले. “आजीपाशी ठेवला अमरावतीले. सोडतच नाई तिले.”

शब्द तोंडातून गेले आणि मी वळले तर हे मागंच उभे होते. तोंडावरून पाणी गळत होतं. त्यांनी ऐकलं होतं. माझ्याकडे पाहिलं, मग मित्राच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “तुही गाडी लागली गा.”

अकोल्याच्या गाडीत आम्हाला समोरासमोर जागा मिळाली. मी खिडकीबाहेर पाहत बसले. मामाजींवरचा इतक्या दिवसांचा राग मी गाठोड्यासारखा उचलून आणला होता आणि आता तो कुठं ठेवावा ते कळत नव्हतं. त्यांनी जे तीन वर्षं केलं होतं ते मी एका क्षणात, कोणी न सांगता केलं होतं. आणि यांचं काय? ज्या पावलांच्या बातमीनं हा माणूस परत आला ती पावलं कधी पडलीच नव्हती, हे त्यांना अंगणात उभं राहून कळलं होतं. त्यावर ते पाय धुऊन जेवायला बसले होते.

मूर्तिजापूर गेलं. त्यांनी पहिल्यांदाच विचारलं,

“कसा दिसे?”

मी सांगायला लागले. डाव्या कानाची पाळी दुमडलेली होती. केस पुढून भरघोस आणि मागं नव्हतेच. दूध पिऊन झालं की उचकी लागायची आणि प्रत्येक उचकीला तो स्वतःच दचकायचा. तेल लावताना पाय असे ताणायचा की सुईण म्हणायची, हा उंच होणार. यांचा एक चुलता होता, त्याच्यासारखं कपाळ. शेवटच्या दोन दिवसांत रडायचा नाही, नुसता बघायचा. हे पुढं वाकून ऐकत होते, मध्ये मध्ये विचारत होते, “कोन्त्या कानाची?” “उचकी कितींदा लागे?” शेजारच्या बाईला वाटलं असेल, घरी ठेवून आलेल्या मुलाचं कौतुक चाललंय. अकोलं आलं तरी माझं सांगून संपलं नव्हतं.

घरी पोचल्यावर दुसऱ्या दिवशी मी विहिरीवर गेले आणि बदनेऱ्याला ऐकलेलं सगळं मामाजींना सांगितलं. त्यांनी मोट थांबवली. बैलांना तसंच धावेवर उभं ठेवून ते खाली बसले.

“त्या पत्रानं बोलला?”

“हाव.”

ते मातीत बोट फिरवायला लागले. मग म्हणाले, “पैलं खोटं मी त्याच्यासाठी लिवलं वो. मंग मलेच सवय लागली. गुरुजीपाशी बसलो का मले तो दिसे. त्याचे दात मीच काढले, त्याले मीच उभं केलं, मीच चालाले लावलं. घरी येऊन तुह्या तोंडाकडं पाहवे नाई. पाप केलं का पुन्य, सांग तूच.”

मी त्यांना पाणी दिलं. आम्ही दोघं तिथंच बसून राहिलो, बैलांनीच कंटाळून पाय बदलेपर्यंत.

सासूबाईंना मामाजींनीच सांगितलं असावं. त्यांनी माझ्याजवळ शब्द काढला नाही. पण दोन-तीन दिवसांनी तेलाची वाटी माझ्यासमोर आपटून म्हणाल्या, “नवऱ्याची पाठ बायकोनं चोळली तं कोनी नावं ठेवत नाई. बसून काहून राहिली?” तेव्हा माझ्या ध्यानात आलं की हे माझ्या दुखण्याकडे पाहत होते, आणि घरी आल्यापासून त्यांना कोणी हात लावला नव्हता. मीसुद्धा नाही.

सोपं नव्हतं ते. पहिल्या दिवशी मी पाठीला बोट टेकवलं आणि ते वीज बसल्यासारखे भिंतीवर जाऊन आदळले, तेल सांडलं. मग मी शिकले. आधी समोर बसायचं, हात दाखवायचे. बोलत राहायचं, म्हणजे मी कुठं आहे ते त्यांना कळत राहतं. मग खांदा, मग हळूहळू मागं. ते श्वास मोजायचे, मीही त्यांच्याबरोबर मोजायची. कातडीखाली त्यांची पाठ सतत कापत असायची, पाण्यावर वारा चालावा तशी. वरून काही दिसायचं नाही. इतके दिवस मी या माणसाच्या शेजारी निजत होते आणि मला हे ठाऊक नव्हतं. कितीतरी महिने मी रोज त्या कापण्यावर हात ठेवून बसले. माझे पायही ते चोळत राहिले, पण दार लावून. सासूबाईंना ठाऊक होतं. ओसरीत यायच्या आधी त्या उगीच मोठ्यानं खोकायच्या.

त्याच काळात ते एकदा एकटेच चांदूर रेल्वेला जाऊन आले. मित्राला खरं सांगितलं असणार. तो काय म्हणाला ते मी विचारलं नाही. येताना त्यानं दिलेली पिशवीभर तुरीची डाळ घेऊन आले.

नंतर आम्हाला दोन मुली झाल्या. मळ्यातली माणसं पुढं हळूहळू यांच्याकडे यायला लागली, कोणाची मान धरलेली, कोणाची झोप उडालेली. पाय चेपणारा म्हणून हसणारे दोघे-तिघेही त्यांत होते. हे त्यांना लिंबाखाली बसवत आणि मोट चालू असेल तेवढ्या वेळात काम उरकत.

मला आठवतो तो थोरली मुलगी रांगत होती त्या हिवाळ्यातला एक बाजाराचा दिवस. मी मुळे आणि पालक मांडून बसले होते, हे मागं पोत्यांपाशी. दुपार भरात होती. शेजारचा माणूस कांद्याचा भाव ओरडत होता, एक हातगाडी उलटली होती, तिच्यावरून दोघांचं भांडण जुंपलं होतं. मी सुट्टे मागायला मागं वळले, तर हे पोत्यावर डोकं टाकून झोपलेले. तोंड उघडं, हात पसरलेले, घोरत होते. मी घाबरून आधी त्यांच्या नाकासमोर हात धरला. श्वास येत होता, जात होता.

समोर गिऱ्हाईक उभं होतं. “मुळे कसे दिले?” त्यानं मोठ्यानं विचारलं.

“हळू बोला नं बाप्पा,” मी म्हणाले, “माणूस झोपला.”